किती उशा घेता?

शुक्रवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला, ऑफिसात चहा येऊन गेल्यावर, मला कळलं की माझ्या नवऱ्याचं हृदय दोन वर्षांपासून थकलेलं आहे. कुणी सांगितलं नाही, मीच वाचलं. आदल्या दिवशीचे केडगावचे फॉर्म संगणकावर एकेक करून तपासत होते. कुठे वय आणि जन्मसाल जुळत नाही, कुठे एखादा रकाना रिकामा राहिलाय, असलं शोधायचं माझं काम. सोळावा फॉर्म उघडला. कुटुंबप्रमुख लंकाबाई आबासाहेब रोहोकले, वय बाहत्तर. सभासद दुसरा, बिभीषण, पंचेचाळीस, सुप्याला कंपनीत नोकरी. सभासद तिसरी, रुपाली, एकोणचाळीस, नोकरी. चौथी समृद्धी, अठरा, संगमनेरला कॉलेजात, गैरहजर. मी आधी सवयीने वयं तपासली. वयं बरोबर होती. मग माझ्या लक्षात आलं की तिसरी सभासद मी आहे.

रुपाली हे मला सासरी मिळालेलं नाव. वीस वर्षांपूर्वी तांदळाच्या ताटात अंगठीने ते लिहिलं, मी पाहुण्यांसमोर मान खाली घालून ते वाचलं, आणि केडगावच्या त्या घरात धनश्री संपली. पण पदवीच्या कागदावर, बँकेत आणि ऑफिसात मी धनश्री वाबळेच राहिले, कारण नाव बदलून घ्यायला जेवढे खेटे घालायला लागतात तेवढा उत्साह घरात कुणालाच नव्हता. त्यामुळे निकिताला काहीच कळलं नाही. निकिता आमच्याकडची सगळ्यात हुशार पोरगी, संगमनेरची, इथे खोली घेऊन राहते, माझ्या घरी कधी आलेली नाही. मी ऑफिसात नवऱ्याचा विषय निघाला की ‘आमचे हे’ म्हणते, त्यापुढे त्यांचं नाव कधी माझ्या तोंडून गेलेलं नाही. आता नियम असा आहे की सर्वेक्षणात काम करणाऱ्या माणसाचं घर यादीत निघालं तर ते सोडायचं आणि उजव्या हाताचं पुढचं घर घ्यायचं. निकिताने दारावरची पाटी वाचली, यादीतला क्रमांक जुळवला आणि आत गेली. तिने नियम मोडला असं मला म्हणता येत नाही. गुरुवारी ह्यांना सुट्टी असते, सासूबाई घरात असतातच, आणि मी सावेडीला, मेडिकलच्या दुकानावरच्या फ्लॅटमधल्या या ऑफिसात, लोकांची हृदयं तपासत बसलेली.

आमचं काम काय, ते सांगायला हवं. या देशातल्या किती माणसांचं हृदय थकलेलं आहे, हे नक्की कुणालाच माहीत नाही. दवाखान्यात जी पोचतात त्यांची नोंद होते, पण जी पोचत नाहीत, जी जिना चढताना मध्येच थांबतात आणि वय झालं म्हणतात, त्यांचं काय, हे शोधायला ठिकठिकाणी गट पाडून आमच्यासारख्या बायका दारोदार पाठवल्या आहेत. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बजावलं होतं की हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालूच असतं, फक्त त्याचं काम त्याला उरकत नाही. मग पाणी साठतं, पायांत, पोटात, फुप्फुसांत. माणूस आडवा झाला की गुदमरतो, म्हणून उशांवर उशा ठेवून अर्धा बसून झोपतो. त्यामुळे आमच्या फॉर्मातला नववा प्रश्न आहे, झोपताना किती उशा घेता. मी स्वतः बारा पोरींना तो विचारायला शिकवला. शिकवताना मी हेही सांगायचे की लोक हसतात, हसू द्या. पण दोन सांगितलं की पुढचे प्रश्न हळू विचारा.

ह्यांच्या फॉर्मात नवव्या प्रश्नाला दोन होतं. संध्याकाळी पायांवर सूज, हो. डॉक्टरांनी निदान केलं आहे का, हो, दोन वर्षं. रिपोर्ट पाहिला का, हो. हृदयाचं पंपिंग, तीस टक्के, म्हणजे असायला हवं त्याच्या निम्मं. गोळ्या रोजच्या चार. गोळ्यांची आठवण कोण करून देतं, आई. आजाराबद्दल कुटुंबात कोणाला माहीत आहे, आई आणि मुलगी. आणि पत्नी या शब्दापुढची चौकट रिकामी. मी काय केलं असेल? मी चूक शोधली. खरंच सांगते, पहिल्यांदा मला निकिताचाच राग आला, की पोरीने घाईघाईत एक खूण राहू दिली. तिला हाक मारून विचारलं, हा सोळावा फॉर्म पूर्ण आहे का. पूर्ण आहे म्हणाली. आणि वर कौतुक सांगायला लागली, की फार साधा माणूस होता मॅडम, चहा दिल्याशिवाय सोडलं नाही, म्हाताऱ्या आजींनी ट्रंकेतल्या साड्यांखालून फाईल काढून दाखवली, आजी रडल्या, त्यांनीच आईला गप्प केलं. बायकोला का सांगितलं नाही असं विचारलं तर नुसते हसले. मी बरं म्हटलं. ती गेली आणि मी पंख्याकडे बघत बसले. त्या ट्रंकेला मी दर दिवाळीला पुसते. माझ्या लग्नातला शालूसुद्धा त्यातच आहे.

मला कसं कळलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, पण तो दुसरा होता. पहिला होता, मलाच का नाही. दुसऱ्याचं उत्तर तर ढळढळीत समोर होतं. दोन वर्षांपूर्वी हे हॉलमध्ये झोपायला लागले. मी घोरतो, तुझी झोपमोड होते, म्हणाले. मला बरंही वाटलं आणि अपमानही वाटला, दोन्ही एकदम. टीव्ही बघायला म्हणून पाठीशी दोन उशा घ्यायचे आणि तसेच झोपून जायचे. सकाळी मी त्या उशा उचलून जागेवर ठेवायचे आणि मनात म्हणायचे, आता ह्यांना माझ्या अंगाचा वाससुद्धा नको झालाय. कंपनीत मशीनवरून काढून स्टोअरला बसवलं, तर मला बढती म्हणून सांगितलं. मी पेढे वाटले हो. गल्लीत वीस घरी पेढे वाटले. वैजनाथ म्हणून ह्यांचे एक जोडीदार आहेत कंपनीतले, त्यांनी पेढा हातात घेतला आणि खाली बघितलं. मला वाटलं, स्वतःला बढती मिळाली नाही म्हणून जळतात बिचारे. बसथांब्यावरून घराकडे येताना चढाला दोनदा थांबायचे, खिशातून मोबाईल काढून त्यात बघत उभे राहायचे. मी त्या मोबाईलवर संशय घेतला. ते आंघोळीला गेले असताना एकदा उघडून पाहिला. त्यात कुठली बाई सापडली नाही, सगळे फोन आईला, पोरीला आणि वैजनाथला. तेव्हा मला स्वतःची लाज वाटली होती. आज वाटतं, बाई असती तर परवडलं असतं. निदान भांडायला समोर कुणीतरी असतं.

आणि मीठ. याचा तर मला हसावं की ओरडावं कळेना. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं की माझ्या हाताला मीठ जास्त पडतं, यापुढे भाजीला मीठ त्या घालणार. अठरा वर्षं माझ्या हातचं खाल्ल्यावर. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग भाज्या बेचव व्हायला लागल्या, लोणचं-पापड बंद झालं, शेंगदाण्याची चटणी अळणी झाली, आणि ताटावर बसून कुणी ब्र काढत नव्हतं, हे पहिला घास घ्यायचे आणि ‘झाक झालीय’ म्हणायचे. मला वाटलं माय-लेकांनी मिळून मला स्वयंपाकघरातून काढलं. मी ऑफिसात डब्यासोबत मिठाची पुडी आणायला लागले. ती पुडी या क्षणी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. आमच्या फॉर्मात पाच प्रश्न मिठावर आहेत. ते मी तयार करून घेतलेत, कारण मूळच्या फॉर्मात लोणचं-पापडाचा उल्लेखच नव्हता. मीच डॉक्टरांना म्हणाले होते, साहेब, आमच्याकडे मीठ विचारून कळत नाही, लोणचं विचारावं लागतं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. आणि ज्या घरात मी रोज दोन वेळा जेवते तिथलं मीठ मला कळलं नाही.

समृद्धीचं मला जास्त लागलं. पोटची पोर. रोज संध्याकाळी संगमनेरहून फोन करते आणि पहिलं विचारते, पप्पा जेवले का, पप्पा झोपले का. मी एकदा चिडून म्हटलं होतं, आईसुद्धा जेवते गं. ती हसली नव्हती. मला वाटायचं बापाची लाडकी आहे, असतातच मुली तशा. आता तो प्रत्येक फोन मला परत ऐकू येत होता आणि त्या प्रत्येक फोनमध्ये मी सोडून दोन माणसं एकमेकांशी बोलत होती. घर चार माणसांचं, तिघांना माहीत, चौथी पगारी कर्मचारी. हे मी मनातल्या मनात अगदी या शब्दांत म्हटलं आणि मग मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही, नुसतं अंग तापत गेलं. मी पाणी प्यायले.

हा आजार मला नवा नाही, हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर राग. माझे वडील सहादेव वाबळे याच दुखण्याने गेले. पाथर्डीकडचे आम्ही, कोरडवाहू. वडील निम्मं आयुष्य ऊसतोडीला गेलेले, अंगाने काटक, पण शेवटी पाय असे सुजले की चपलेत मावेनात. भाऊ पुण्यात, त्याच्या खोलीत जागा नव्हती. हेच म्हणाले होते, मामांना आपल्याकडं आणू. तीन वर्षं ते आमच्या घरी होते. दिवसाला एक लिटर पाणी, ते मी तांब्याने मोजायचे. त्यातला शेवटचा अर्धा पेला ते हातात धरून बसायचे, प्यायचे नाहीत, नुसता धरायचे. लघवीच्या गोळीने रात्रीत सहा वेळा उठायचे. दम लागला की माझं मनगट धरायचे, तिथे काळंनिळं व्हायचं. मी तेव्हा शाळेतली नोकरी सोडली. कुणाचं लग्न नाही, कुणाचं बारसं नाही, आठवड्याच्या बाजारालासुद्धा सासूबाई जायच्या. हे सगळं मी केलं, आणि चांगलं केलं, असं सगळे म्हणतात. म्हणजे मला हे येतं. या घरात हा आजार कुणाला कळत असेल तर तो मला कळतो. आणि ज्या बाईला तो येतो, नेमकी तीच सोडून सगळ्यांना सांगितलं. आता जवळजवळ आंधळ्या झालेल्या सासूबाईंना, ज्यांना गोळीचा रंगसुद्धा दिसत नाही, त्यांना सांगितलं.

फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, त्याला आम्ही वजन म्हणतो. देशातली सगळी माणसं विचारून होणार नाहीत, म्हणून निवडलेलं एक माणूस त्याच्यासारख्या कित्येकांच्या वतीने उत्तर देतं. ते कित्येक किती, ते तिथे लिहिलेलं असतं. ह्यांच्या फॉर्मवर अकरा हजार चारशे होतं. म्हणजे ह्यांनी नऊ नंबरला दोन उशा म्हटलं की देशात अकरा हजार चारशे माणसांनी दोन उशा घेतल्या. मी हे पोरींना समजावताना गंमत म्हणून सांगायचे. आता मी त्या रिकाम्या चौकटीकडे बघत होते आणि मला अकरा हजार चारशे बायका दिसायला लागल्या, कुणी बेचव भाजी ढवळतेय, कुणी पेढे वाटतेय, कुणी नवऱ्याचा मोबाईल उघडून त्यात बाई शोधतेय. त्यांच्याकडे बघून मला जरा धीर यायला हवा होता. उलट मला वाटलं, इतक्या जणींना फसवून हे लोक संध्याकाळी घरी जेवायला येतात तरी कसे.

शेवटी शेरा वाचला. शेरा मी नेहमी शेवटी वाचते, कारण पोरी तिथे काहीबाही लिहितात, कुत्रा होता, पाहुणे आले होते. निकिताने लिहिलं होतं: ‘उत्तर देण्यापूर्वी सदर व्यक्तीने दोन वेळा विचारले की हा फॉर्म पुढे कोण वाचते. सुपरवायझर वाबळे मॅडम वाचतात असे सांगितले. त्यानंतर सर्व उत्तरे दिली.’ मी ते तीनदा वाचलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. मी कुठे बसते, काय वाचते, हे सगळं माहीत असून त्यांनी फाईल काढायला लावली. बिछान्यापासून हॉलपर्यंत आठ पावलं आहेत आमच्या घरात. ती आठ पावलं त्यांना दोन वर्षांत चालवली नाहीत, आणि हा फॉर्म केडगावहून कुठल्या कुठल्या संगणकातून फिरून सावेडीला माझ्यापुढे आला. मला तो शेरा वाचून मऊ वाटायला हवं होतं का? मला तर वाटलं, आपल्याला नोटीस पाठवलीय.

दहातल्या एका फॉर्मची आम्ही फोन करून खातरजमा करतो. ठरलेले प्रश्न असतात, ते जसेच्या तसे वाचायचे. कुठला फॉर्म निवडायचा ते संगणक ठरवतो. त्या दिवशी ते मी ठरवलं. असं करता येत नाही. तो फॉर्म मी रद्द करायचा होता, कारण माझंच घर. पण एकदा मला त्या माणसाला असे प्रश्न विचारायचे होते की त्याला ते टाळता येणार नाहीत. सव्वा वाजला होता, कंपनीत जेवणाची सुट्टी असते. आतल्या खोलीचं दार लावलं, ऑफिसच्या फोनवरून नंबर फिरवला. कागद समोर धरला. सुरुवातीचं वाक्यच असं आहे की त्यात समोरच्याचं पूर्ण नाव घ्यावं लागतं. वीस वर्षांत मी ते फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही बायकांच्या हशात बुडवून.

“नमस्कार. हृदय सर्वेक्षण कार्यालयातून बोलतेय. आपण बिभीषण आबासाहेब रोहोकले बोलताय का?”

पलीकडे कँटीनचा गलका होता. तो हळूहळू मागे गेला. बाहेर येत असावेत. मला त्यांचा श्वास ऐकू आला, छोटा, वरच्यावर घेतलेला. दोन वर्षं मी तो फोनवर ऐकत होते आणि त्यांना घाईची सवय आहे असं समजत होते.

“व्हय,” ते म्हणाले. “बोलतोय, मॅडम.”

आयुष्यात त्यांनी मला अगं-तुगंशिवाय हाक मारलेली नाही. मॅडम म्हणताना त्यांचा आवाज चेष्टेचा नव्हता. मी वाचत गेले. काल आमच्या ताई आपल्या घरी आल्या होत्या का. आल्त्या. झोपताना किती उशा घेता. ते म्हणाले, दोन सांगितल्या हुत्या, पन तीन लिवा. मी तीन लिहिलं. गोळ्या वेळेवर घेता का. घेतो. आठवण कोण करून देतं. आई. आजाराबद्दल कुटुंबात कोणाला माहीत आहे. आईला, पोरीला.

“पत्नीला?”

“न्हाई.”

“का?” मी विचारलं. कागदावर ‘का’ नव्हतं.

“हे फॉर्मात हाय का, मॅडम?”

“आहे,” मी खोटं बोलले.

मग ते बोलायला लागले, सावकाश, मध्ये दम घेत. कुणा तिऱ्हाईत बाईविषयी बोलावं तसे. “तिच्या वडलांचं तेरावं हुतं. पंगत उठल्याव ती झुंबरमावशीला म्हनली, सुटले गं मी मावशे. मी मागं पत्रावळ्या घिऊन हुबा हुतो. मला वाईट न्हाई वाटलं, मॅडम. तिनं तीन वर्सं लई केलं, आपल्या डोळ्यानं बघितलं मी. मला तिच्यासाठी बरंच वाटलं. मंग सहा म्हैन्यांनी माझंच निघालं. आता तिला कोन्त्या तोंडानं सांगू, परत बस म्हनून?”

मी बोलले होते. मागे कोण उभं आहे ते न बघता बोलले होते, आणि बोलताना मला खरंच इतकं हलकं वाटलं होतं की वाटलं उडी मारून दाखवावी. वडील सुटले असं नव्हतं म्हणायचं मला, लोक तसं म्हणतात. मला मी सुटले असंच म्हणायचं होतं. झुंबरमावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला होता, तिला कळलं होतं. आता मला वाटलं, पटकन म्हणावं, अहो मी तसं बोललेच नाही, तुम्ही चुकीचं ऐकलंत. ते कबूलही करतील. पण ते चुकीचं ऐकलेलं नव्हतं. आणि अजून एक गोष्ट आहे, जी मी कुणाजवळ बोलणार नाही. ही दोन वर्षं मी सुखात होते. नोकरी केली, नगरला येत-जात राहिले, पोरींना दटावलं, मैत्रिणींबरोबर भंडारदऱ्याला जाऊन आले, तिथे भिजून आले. तीन वर्षांत जमलेला शीण माझ्या अंगातून उतरला होता. मला ते मिळालं ते त्यांनी गप्प राहून, आईला आंधळेपणी गोळ्या चाचपायला लावून मिळवून दिलं. मला फसवून दिलं. माझ्याच घरात माझ्या वाटची सुट्टी मला मंजूर करून दिली आणि अर्जसुद्धा करायला लावला नाही. याच्यासाठी आभार मानायचे की थोबाडीत द्यायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

“आम्ही एका घरावरून गाव ठरवत नाही हो,” मी म्हणाले. माझा सर्वेक्षणाचा आवाज गेला होता. “शंभर घरं फिरतो, तेव्हा एक ओळ लिहितो. तुम्ही एका वाक्यावरून मला ठरवलंत. तीन वर्षं बघितलीत ना डोळ्यांनी? ती नाही धरलीत. एक वाक्य धरलंत.”

मी म्हटलं, पोरीला सांगितलंत आणि मला नाही. ते म्हणाले, सांगितलं न्हाई, सुट्टीला आली तवा तिला फाईल सापडली, मीच तिला शपथ घातली. मी म्हटलं, अठरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर हे ठेवलंत, तिने कुणाजवळ रडायचं. तेव्हा त्यांचा श्वास जास्त जवळून ऐकू यायला लागला. मला वाटलं आपण थांबावं, या माणसाला दम लागतोय. आणि लगेच वाटलं, लागू दे. दोन्ही वाटलं, आणि कुठलं आधी ते मला सांगता येत नाही. मी कागदाकडे बघितलं. म्हटलं, हा फॉर्म मला रद्द करावा लागेल, आपल्या माणसाचं घर चालत नाही, नियम आहे.

“मंजी मी मोजला जानार न्हाई?”

“नाही.”

“न्हाई तर न्हाई,” ते म्हणाले. “मी कुठं देशासाठी भरला हुता त्यो. तुझ्यासाठीच भरला.”

तुझ्यासाठी म्हणाले. मॅडम सुटलं. माझ्या डोळ्यांत तेव्हा कुठे पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही मला राग आला, कारण इतकं सोपं वाक्य हा माणूस कधीही बोलू शकला असता, भाजीचा घास घेताना, उशी उचलताना, चढावर. त्यासाठी सरकारी खर्चाने एक पोरगी टॅबलेट घेऊन दारात यावी लागली.

“विचारायचं होतंत मला,” मी म्हणाले. “नाही म्हणाले असते तर नाही म्हणाले असते. पण ते मी म्हणायचं होतं. तुम्ही नाही.”

“मंग आता इचारतो.” कुठेतरी ट्रक मागे घेताना वाजतो तसलं काही वाजत होतं. “येत्या गुरवारी तपासनी हाय. येती का माझ्यासंगं?”

मला वाटलं होतं, विचारलं की तोंडातून आपोआप हो येईल. सगळ्या दिवसाचा राग त्याच्यासाठीच तर होता. पण मला तांब्या दिसला, माझं काळंनिळं मनगट दिसलं, रात्रीत सहा वेळा लागणारा दिवा दिसला, आणि तोंडात जे आलं ते मी अडवलं नाही.

“नाही,” मी म्हणाले.

“बरं,” ते म्हणाले. त्यात रुसवा नव्हता. हे उत्तर त्यांनी दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं, आणि आता फक्त ते जुळलं होतं. त्या ‘बरं’ने मला जितकं दुखावलं तितकं त्या रिकाम्या चौकटीनेही दुखावलं नव्हतं. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. कंपनीचा भोंगा वाजला, सुट्टी संपली असणार, लोक आत जात असतील, त्यांनाही जायला हवं होतं. ते तिथेच उभे होते आणि मला एकेक श्वास ऐकू येत होता.

“किती वाजताची वेळ आहे?” मी विचारलं. रागानेच विचारलं.